डबी रिकामी होती, हे मी सांगितलं

तुम्ही ऐकलं असतं तर रागावला असतात. पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं आणि वेळ थोडा होता. तुम्हाला आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं. ओसरी माणसांनी भरली होती. मठपतींनी तुमच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात घातला आणि मी म्हणाले, "थांबा. डबी रिकामी हाय."

त्याला आज अकरा दिवस झाले. रोज कुणीतरी येतं, चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतं आणि मग हळूच विचारतं, "आक्का, ते डबीचं काय होतं हो?" दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लिहिते मात्र तुम्हाला. यातलं थोडं तुम्हालाही सांगायचं राहिलं होतं.

ज्यांना आपली रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. आपल्या लिंगायतांत लहानपणीच मठपती, म्हणजे आपले पुजारी, गळ्यात इष्टलिंग बांधतात. जांभळाएवढा काळा देव, चांदीच्या डबीत ठेवलेला. रोज आंघोळ झाली की तो डाव्या तळहातावर घ्यायचा, पाणी घालायचं, भस्म लावायचं, फूल वाहायचं. मगच अन्नाला शिवायचं. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि तोच देव त्याच्या तळहातावर देतात. ज्याचा त्याचा देव वेगळा. दुसऱ्याचा चालत नाही.

तुमचा देव केरळात पाण्याच्या तळाशी आहे. चार वर्षं झाली. आपल्या जळकोट गावात हे दोघांनाच माहीत होतं.

तो प्रवास तुमच्या डोक्यातून निघाला. टीव्हीवर तुम्ही एक बोट बघितली. बोटीतच झोपायची खोली, बोटीतच चूल, आणि माणसं दारात बसून चहा पीत चाललेली. समुद्राच्या कडेकडेनं, पण समुद्रात नाही. आत गोड्या-खाऱ्या पाण्याचे कालवे आणि तळी, एकाला एक जोडलेली. तुम्ही भांड्यांच्या दुकानातून लवकर घरी आलात आणि म्हणालात, "मन्मथच्या आई, आपण पाण्यावर राहायला जाऊ."

मी म्हणाले, "नळाला आठ दिवसांनी पाणी येऊन राहिलं. अंगणात सहा पिंपं भरून ठेवली हाईत. आधी ती सांभाळा."

"म्हणून तर जायचं. मरायच्या आधी एकदा पाणी मोजल्याबिगर बघायचं हाय."

मन्मथनं नांदेडहून फोनवर समजावलं की लोक त्या बोटीवर एक रात्र राहतात आणि फोटो काढून परत येतात. तुम्ही म्हणालात, "मी फोटोला न्हाई चाललो. या टोकाकडनं त्या टोकाला जायचं, नऊ दिवस." पोरगं थक्क झालं. जन्मात कधी उदगीरला मुक्कामाला न राहिलेला माणूस! शेवटी त्यानंच बोट ठरवून दिली. कोल्लमला बसायचं आणि उत्तरेला जिथवर कालवा जातो तिथवर जायचं.

मी भाकऱ्या कडक करून घेतल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकूट घेतलं. बोटीवर दोन माणसं होती, चालवणारा राजन आणि स्वयंपाकी बाबू. बाबूला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नौ दिन मच्छी नहीं. अंडा भी नहीं." तो राजनकडे बघून म्हणाला, "अम्मा, पानी के ऊपर मच्छी नहीं तो क्या खाएँगे?" तुम्ही त्याच्यापुढं भाकरी धरली. त्यानं ती वाजवून बघितली.

पहिले तीन दिवस तुम्ही लहान लेकरासारखे वागलात, हे मला सांगायलाच हवं. भलंमोठं तळं पार केलं तेव्हा तुम्ही पुढं उभे राहून दोन्हीकडचे काठ शोधत होता आणि काठ सापडला नाही की खूश होत होता. पुढं कालवा लागला. एका बाजूला नारळाची झाडं, आणि त्यांच्यापलीकडून समुद्राचा आवाज यायचा, पण समुद्र दिसायचा नाही. काठावर बायका नारळाच्या सालीचा काथ्या वळत बसायच्या. माणसं दुकानात जायची ती होडीनं, लग्नाला जायची ती होडीनं. तुम्ही सारखे म्हणायचात, "इथं कुणी पाण्याला रांग लावत न्हाई बघ." मी म्हणाले, "हे पाणी खारट हाय. पिण्याला त्यांनाबी नळच लागतो." तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं.

आता चौथ्या दिवसाचं.

घरी तुमची पूजा म्हणजे एक पळी पाणी. जन्मभर एक पळी. दुष्काळाच्या साली तर तीही अर्धी, आणि देवावरून उतरलेलं पाणी तुळशीला. बोटीवर तुम्ही तांब्या घेतलात. आत खोलीत बसायचं सोडून बोटीच्या नाकावर मांडी घातलीत, तळहात पाण्यावर धरलात आणि कालव्यातलं पाणी तांब्या तांब्यानं देवावर ओतायला लागलात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी मी मोजणं सोडलं आणि म्हणाले, "बास करा, देवाला सर्दी होईल. आत येऊन बसा."

"जन्मभर त्याला चमच्यानं न्हाऊ घातलं मी. आज पोटभर न्हाऊ दे."

एवढ्यात माणसांनी भरलेली एक मोठी बोट शेजारून गेली. तिच्या लाटेनं आपली बोट हलली. तुमच्या हातातला तांब्या कलंडला आणि तळहातावर एकदम सगळं पाणी आलं. मी बघत होते. देव घरंगळला आणि गेला. फार मोठा आवाजही झाला नाही.

तुम्ही तळहात तसाच धरून बसलात.

राजननं आणि बाबूनं लगेच पाण्यात उड्या टाकल्या. खाली गाळ, वर हिरवी पानवेल. पाण्यात डोळ्यांना काही दिसेना. टोपली बुडवून त्यांनी गाळ काढला. शिंपले निघाले, एक काचेची बांगडी निघाली, कुणाची तरी चप्पल निघाली. राजन वर येऊन म्हणाला, "साब, क्या गिरा? सोना?"

तुमच्याऐवजी मी म्हणाले, "सोना नहीं. भगवान गिरा."

बाबू हात जोडून म्हणाला, "अम्मा, भगवान डूबता नहीं."

"ये पत्थर का है," मी म्हणाले, "ये डूबता है. और एक बार देखो."

दुपारपर्यंत त्यांनी शोधलं. मिळाला नाही.

तुम्ही जेवला नाहीत. पूजा नाही तर अन्न नाही, ही रीत मलाही माहीत आहे. संध्याकाळी फक्त पाणी प्यालात. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, "परत फिरू. घरी जाऊ." म्हणालात एवढंच, उठला नाहीत. दोन दिवस पोटात काही नाही, आणि तुम्हाला शुगर. कपाळावर घाम यायला लागला. बाबू केळं घेऊन दारात उभा, आणि तुम्ही भिंतीकडं तोंड केलेलं.

"गावी गेल्यावर मठपतीला सांगू," मी म्हणाले. "नवा देव बांधतील. कुणाचा हरवत न्हाई काय?"

"काय सांगू? पाण्यात खेळाया गेलो अन् देव घालवला म्हणू?"

मला कळत होतं तुम्हाला काय बोचत होतं. तुम्ही मठाच्या पंचांत होता. लग्नात पोरांच्या सदऱ्याची बटणं काढून गळ्यात दोरा आहे का बघायचात. आपल्या शेजारच्या नागेशला तर तुम्ही भरल्या पंगतीतून उठवलं होतं, गळ्यात देव नाही म्हणून. वाढलेलं ताट समोर ठेवून उठला बिचारा, बायको-पोरांच्या देखत. आता तुमचाच गळा रिकामा.

जुने लोक म्हणायचे, इष्टलिंग हरवलं तर माणसानं मागं राहू नये. तुमच्या डोक्यात ते होतं. तुम्ही बोलला नाहीत, पण आपला बावन्न वर्षांचा संसार. मला दिसत होतं.

मग मी माझी डबी उघडली आणि माझा देव तुमच्या तळहातावर ठेवला. "करा पूजा."

"दुसऱ्याचा देव चालत न्हाई."

"बावन्न वर्षं माझ्या हातचं अन्न चाललं, आजारपणात माझ्या हातची आंघोळ चालली. देवच तेवढा चालत न्हाई व्हय?"

"रीत हाय ती."

"रीत माणसं जिती असल्यावरची हाय. तुम्ही इथं पडलात तर या दोघांना मराठीबी येत न्हाई, मी काय करू?"

तुम्ही उठून बसलात. मग पूजा केलीत, आत बसून, एका पळीच्या पाण्यात. त्यानंतर मी केली. बाबूनं तांदळाची जाळीदार धिरडी आणली. तुम्ही चार खाल्लीत आणि पाचवं मागितलंत.

"आता परत जाऊ," जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात.

"पुढं जायचं," मी म्हणाले.

हे सांगायचं राहिलं होतं. तुम्हाला शेवटपर्यंत वाटलं की मी तुमच्यासाठी हट्ट केला, तुमचं मन रमावं म्हणून. तसं नव्हतं. मला परत यायचं नव्हतं. निघताना सगळ्यात जास्त कटकट मीच केली होती, आणि पाच दिवसांत मला ते पाणी आवडलं होतं. सकाळी उठल्यावर पिंपात किती उरलं ते बघायचं नाही, दार उघडलं की समोर पाणी. माझं माहेर विष्णुपुरीजवळ, गोदावरीच्या काठावर. धरणाच्या आधीची गोष्ट, पण मी नदी बघत वाढले. जळकोटला दिल्यावर विहिरीच्या तळाशी बघण्यात जन्म गेला. कुणाला दोष देत नाही. पण उरलेले चार दिवस माझे होते आणि ते मी सोडणार नव्हते. तुम्ही उपाशी होता तेव्हाही माझ्या मनात हे होतं. आता काय म्हणायचं ते म्हणा.

आणि ते चार दिवस चांगले गेले. लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, तुम्ही मोकळे बोलायला लागलात. सातव्या दिवशी राजननं काठावरची एक छोटी होडी आणली. मी वल्हं हातात घेतलं. पन्नास वर्षांनी घेतलं, पण हात विसरले नव्हते. तुम्ही दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून ताठ बसला होता.

"तुला येतं हे सांगितलं न्हाईस कधी."

"जळकोटात कुठं वल्हवून दाखवू? पिंपात?"

तुम्ही हसलात आणि होडी हलली म्हणून लगेच गप्प झालात. पाण्याचं एवढं वेड, आणि पोहता येत नव्हतं. हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत.

पुढं मोठं सरोवर लागलं, मग माशांची उंच उंच जाळी, मग कालवा संपला. तिथं आपण उतरलो. रोज सकाळी एकाच देवाची दोघांनी पूजा केली. आधी तुम्ही, मग मी.

मला वाटलं, गावी गेल्यावर तुम्ही सांगाल. सांगितलं नाहीत. रिकामी डबी गळ्यात घालून दुकानात बसायला लागलात. मी म्हणायचे, "आज मठपती येणार हाईत, सांगून टाका." तुम्ही म्हणायचात, "बघू." श्रावण झाला, शिवरात्र झाली, "बघू." चार वर्षं सकाळची पूजा दार लावून झाली. मन्मथ आला की म्हणायचा, "आई, दोघं दार लावून कसली पूजा करता?" मी सांगायचे, तुझ्या बापाला थंडी वाजते.

पण एक गोष्ट मी बघितली. तुम्ही पंचांतून अंग काढून घेतलंत. लग्नाला गेलात की कुणाच्या गळ्याकडं बघेनासे झालात. आणि एका सोमवारी नागेशला, बायको-पोरांसकट, घरी जेवायला बोलावलंत. स्वतः वाढायला उभे राहिलात. तो सारखा म्हणत होता, "काका, बसा की, मी वाढून घेतो." तुम्ही बसला नाहीत. लोक म्हणाले, म्हातारपणी मऊ झाले.

तुम्ही जायच्या आठवडाभर आधी आपलं शेवटचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर तुझा देव माझ्या हातावर ठेवू नको. तुला लागंल. मला रिकामाच जाऊ दे, कुणी डबी उघडून बघत न्हाई."

"उघडतात," मी म्हणाले. "अन् रिकामा कसा जाऊ देऊ?"

"माझं ऐक एवढं."

"तवाचं तवा बघू."

ते असं अर्धंच राहिलं. गुरुवारी दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. त्रास झाला नाही, हे बरं झालं. भांडण मात्र माझ्या एकटीच्या गळ्यात आलं.

डबी रिकामी आहे म्हटल्यावर मठपतींनी हात मागं घेतला. मी थोडक्यात सांगितलं. केरळात पाण्यात पडला, चार वर्षं झाली, तेव्हापासून हे माझ्याच देवाची पूजा करत होते. मन्मथ माझा दंड धरून म्हणाला, "आई, आत चल. नंतर बोलू." त्याला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय. मी दंड सोडवला.

मागून कुणी तरी म्हणालं, "अन् आम्हाला शिकवत होते."

तेव्हा नागेश बोलला. चाळिशीचा बाप्या, पुढं आला. "म्हणून काकांनी मला जेवाया बोलावलं होतं," तो म्हणाला. "मी घरी जाऊन बायकोला इचारलं, आज काय होतं गं?" मग मागं वळून त्या माणसाला म्हणाला, "पंगतीतून मला उठवलं, तुला न्हाई. मी काय म्हणत न्हाई, तर तू कशाला म्हणतोस?"

मठपती म्हातारे आहेत. त्यांनी विचारलं, "आक्का, मग आता? नवा देव बांधायचा तर दीक्षा द्यावी लागती. ती जित्या माणसाला देतात."

"मला ठाऊक हाय," मी म्हणाले, आणि गळ्यातली डबी काढली.

"तुमचं काय?"

"मी जिती हाय. मला द्या नवा."

मठपतींनी मान हलवली. त्यांना ते चुकीचं वाटलं की बरोबर, मी विचारलं नाही. मी तुमच्या पुढ्यात बसले आणि देव तुमच्या तळहातावर ठेवला. बोटं मिटत नव्हती. मी मिटवली आणि धरून ठेवली. मठपतींना दोनदा म्हणावं लागलं, "आक्का, सोडा आता," तेव्हा सोडली.

तुमचं ऐकलं नाही. तुमचा शब्द मी फार वेळा पाळला आहे, यावेळी नाही पाळला. चार वर्षं चार भिंतींत तुम्ही जे बोलू शकला नाहीत, ते मी उभ्या उभ्या बोलले. त्यानं तुमची अब्रू गेली असं मन्मथला वाटतं. मला वाटत नाही. तुमच्या मातीला शेजारच्या गावांचीही माणसं आली होती, आणि ऐकल्यावर एकही उठून गेला नाही.

मठपती म्हणाले होते, चार दिवस थांबा, सोमवारी तुमची दीक्षा करू. तुमच्या मातीच्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला पोचवून सगळे परत आले. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती. सगळ्यांचे डोळे माझ्या गळ्याकडं. देव नाही, पूजा नाही, मग ही जेवणार का? सुनेनं हळूच विचारलं, "आई, तुम्हाला सोमवारपर्यंत फळं आणू का?"

बोटीवर मी तुम्हाला रीत मोडून जेवायला लावलं होतं. आता मी उपाशी बसले असते, तर ते भांडण तुम्ही मेल्यावर जिंकला असतात.

"भाकरी वाढ," मी म्हणाले.

पहिला घास तोंडात फिरत राहिला. चावला, पाणी प्याले, तरी खाली जाईना. त्या दोन दिवसांत भिंतीकडं तोंड करून तुम्ही काय गिळत होता, ते मला तेव्हा कळलं. बोटीवर कळलं असतं तर मी एवढी ओरडले नसते.

मग गेला खाली. दुसरा आपोआप गेला. ती भाकरी मी पुरती खाल्ली आणि अजून अर्धी मागितली.